गवत कापणारी दोरी

पात्याऐवजी फिरत्या दोरीने गवत कापण्याची युक्ती अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली सुचली, तीही मोटार धुणारे फिरते ब्रश पाहून! त्या यंत्राची विजेवर चालणारी जात आता आपल्या बागांतूनही दिसते. ते कुरकुरू लागले की लोक भंगारात घालतात. ही घाई आम्हांस पटत नाही.

दुरुस्तीआधी प्लग काढावा, हे सांगणे नलगे. दोरी सारखी तुटत असेल, तर ती वाळली असण्याचा संभव असतो. नायलॉन ओलावा शोषून लवचिक राहते, सुकले की ठिसूळ होते. दोरीचे रीळ काढून रात्रभर पाण्यात ठेवावे. ब्रशची मोटार अडखळत, भरपूर ठिणग्या टाकीत चालू लागली, तर प्रथम कार्बनचे ब्रश पाहावेत. झिजले असल्यास दोन्ही एकदम बदलावेत.

खरा घात निराळाच असतो. दोरी मापात तोडणारे लहान पाते संरक्षक झाकणावर असते. अडचण म्हणून कित्येक जण ते झाकणच काढतात. मग खडे डोळ्यांकडे उडतात. शिवाय लांबलेल्या दोरीच्या भाराने मोटार तापून तिचे वेटोळे जळते. ते मात्र घरी भरता येत नाही. वाइंडिंगवाल्याचे दुकान गाठावे लागते.