चिखलाचा भार आणि माणसाची भिस्त

समुद्रतळाखाली हजारो मीटर खोल कोंडलेले तेल आणि वायू यांना आवरून धरणारा पहिला पहारेकरी पोलादाचा नसून चिखलाचा असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. चिकणमाती, बराइटची पूड व रसायने कालवून केलेला हा जड द्रव वेधनळीतून खाली सोडतात. विहिरीच्या भिंतीलगत वर येताना तो कापलेल्या खडकाचा चुरा बाहेर आणतो. परंतु त्याचे मुख्य कार्य भार देण्याचे. हा भार खडकातील दाबाहून कमी पडला, तर वायू विहिरीत शिरतो. तो फाजील झाला, तर खडक फुटतो, चिखल भेगांत नाहीसा होतो आणि पुन्हा वायूलाच वाट मिळते. खोल समुद्रात या दोन मर्यादांमधील अंतर फारच थोडे असते.

वायू शिरू लागला की विहीर सूचना देते. सोडलेल्या चिखलाहून अधिक चिखल परत येतो, टाकीतील पातळी चढते, पंप थांबविले तरी प्रवाह थांबत नाही. अशा वेळी विहीर तत्काळ बंद करावी, दाब मोजावा, शिरलेला वायू बेताबेताने बाहेर काढावा व अधिक जड चिखल भरावा, असे हे शास्त्र सांगते.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील मकॉन्डो विहिरीवर, 'डीपवॉटर होरायझन' या तरत्या मंचावर, हे शास्त्र जाणणारी माणसे होती. तेथे समुद्र सुमारे १५०० मीटर खोल. विहीर तात्पुरती बंद करण्यासाठी तिच्या वरच्या भागातील चिखल काढून समुद्राचे पाणी भरावयाचे होते. चिखल त्या पाण्याच्या दीडपटीहून जड. तो काढल्यावर तळाच्या सिमेंटवरच सारी भिस्त राहणार होती. ते सिमेंट टिकते की नाही, याची दाब उतरवून चाचणी घेण्यात आली. एका नळीत दाब शून्य, तर दुसरीत चौरस इंचास १४०० पौंड! दोन्ही नळ्या एकाच विहिरीशी जोडलेल्या. आकडे जुळावयास हवे होते. तरीही त्या १४०० चा सोयीचा अर्थ लावून चाचणी यशस्वी ठरविण्यात आली. त्या रात्री स्फोटात ११ कामगार प्राणास मुकले. समुद्रतळावरील प्रतिबंधक झडपांना विहीर रोखता आली नाही आणि तेल ८७ दिवस समुद्रात वाहत राहिले.

हा विषय दूरदेशीचा नव्हे. १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईच्या पश्चिमेस तेल शोधले, त्याच मुंबई हाय क्षेत्रात १९८२ साली 'सागर विकास'वर विहीर उसळली होती. ज्या समुद्रावर आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांची चूल पेटते, तोच हा समुद्र.

यंत्रे अद्ययावत असावीत, याबद्दल दुमत नाही. परंतु मकॉन्डोवर मापकाने खरे तेच सांगितले होते. चुकला तो त्याचा अर्थ लावणारा माणूस. म्हणून न जुळणारा आकडा हा धोकाच मानावा आणि त्याचे कारण सापडेपर्यंत चिखल हलवू नये, असे आम्हांस वाटते. काम थांबविण्याचा अधिकार टाकीवर नजर ठेवणाऱ्या कनिष्ठ कामगारासही हवा. आणि तो वापरल्याबद्दल त्यास वरिष्ठांचा रोष पत्करावा लागू नये. काम एक दिवस थांबले, तर होणारा तोटा हिशेबाच्या वहीत मावतो. गेलेले जीव मावत नाहीत.