पेन्शनरच्या निधनानंतर बँकेला कळवणे



आपल्या मंदिरात नियमित येणाऱ्या आजी-आजोबांपैकी अनेकजण मुलांकडे बहारीनला राहतात, पण त्यांची पेन्शन महाराष्ट्रातल्या बँकेत जमा होते. आजोबा गेले की घरात पहिली भीती हीच असते की, कळवले तर पेन्शन बंद होईल. ती बंद होते हे खरे. पण आजींचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते तेही कळवल्यावरच. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन आजोबांची आणि दुसऱ्या दिवसापासूनचे कुटुंब निवृत्तिवेतन आजींचे. न कळवता एटीएममधून पैसे काढत राहिल्यास जादा गेलेली रक्कम बँक परत मागते आणि ती आजींच्या रकमेतून कापली जाऊ शकते. ज्यांना दुसरे उत्पन्न नाही, त्यांच्या औषधपाण्यावरच मग त्याचा परिणाम होतो.

दुसऱ्याच दिवशी धावपळ करावी असे नाही. मात्र दिवसकार्य आटोपल्यावर थांबू नये. बँकेच्या शाखेला आधी ई-मेल करावा. त्यात नाव, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक आणि मृत्यूची तारीख लिहावी. कागद मागाहून पाठवता येतात.

मृत्यू बहारीनमध्ये झाला असेल तर येथील अधिकृत मृत्यू दाखला घेऊन सीफमधील भारतीय दूतावासात नोंद करावी. पासपोर्टही तिथेच रद्द होतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने दूतावासातील ही नोंद भारतातही धरली जाते, त्यामुळे गावच्या ग्रामपंचायतीत पुन्हा नोंद करायला कोणाला पाठवू नये.

डॉक्टर म्हणून इतकी वर्षे असे दाखले भरताना पाहिले आहे की, नातेवाईक मृत्यूचे कारण पुन्हा पुन्हा वाचतात आणि नावाकडे बघतही नाहीत. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जात बहुतेक वेळा अडते ते नावावरच. पासपोर्टवर एक स्पेलिंग, पीपीओवर दुसरे. दाखला हातात पडताच तपासावा. तारखेचेही तसेच. ‘सोमवारी रात्री गेले’ असे घरात म्हणतात, पण बारा वाजून गेले असतील तर कागदावर मंगळवार असतो. श्राद्ध तिथीने करावे, पेन्शनचा हिशेब मात्र दाखल्यावरच्या तारखेने होतो.

कळवायचे कोणाला, हे पेन्शन कोणाची त्यावर ठरते. केंद्र सरकारची असेल तर बँकेला. महाराष्ट्र शासनाची असेल तर बँकेबरोबर कोषागार कार्यालयालाही. मुंबईत त्याऐवजी अधिदान व लेखा कार्यालय. कारखान्यातल्या किंवा कंपनीतल्या नोकरीची ईपीएस-९५ पेन्शन असेल तर भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात १०-डी अर्ज. विमा कंपनीची असेल तर पॉलिसी घेताना कोणता पर्याय निवडला होता ते पाहावे लागते. आजींची स्वतःच्या नोकरीची पेन्शन असली तरी पतीचे कुटुंब निवृत्तिवेतन सोडू नये. केंद्राच्या नियमात दोन्ही मिळतात.

बहारीनमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीयांना येथील पेन्शन नसते, सेवासमाप्तीची रक्कम असते. मार्च २०२४ पासून मालक त्यासाठी दरमहा सामाजिक विमा संस्थेत भरणा करतो. नोकरीत असताना निधन झाल्यास ही रक्कम आणि थकलेला पगार यांची चौकशी वारसांनी लगेच करावी.

यातले बरेच काम दोघेही हयात असताना होऊ शकते, आणि ते तेव्हाच करावे असे माझे मत आहे. पीपीओ काढून बघा. त्यात पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आहे का? पेन्शनचे खाते दोघांच्या नावे आहे का? केंद्राच्या पेन्शनरांसाठी असे संयुक्त खाते असल्यास पत्नीला नवे खाते उघडावे लागत नाही आणि अर्जही सोपा होतो. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याचे नावही आत्ताच नोंदवून घ्या. पुढे आजींना दरवर्षी स्वतःचा हयातीचा दाखला द्यावा लागेल. तो दूतावासातून मिळतो किंवा जीवन प्रमाणच्या मोबाईल ॲपवर चेहरा दाखवून देता येतो.

बँकेत, कोषागारात किंवा हिशेब खात्यात नोकरी केलेल्या सभासदांना विनंती आहे की, शुक्रवारी आरतीनंतर तासभर अर्ज भरून देण्यासाठी बसावे. नावे मंदिर कार्यालयात नोंदवावीत. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत ज्यांची ओढाताण होते, त्यांच्या औषधांसाठी ट्रस्टच्या साहाय्य निधीला यथाशक्ती हातभार लावावा. ज्यांना मदत हवी असेल त्यांनी संकोच न करता पीपीओची प्रत घेऊन यावे.