शांत घरातील पाहुणा

कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भोपाळच्या सोनागिरीत काय किंवा इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांत काय, आज पुष्कळ मराठी घरांत दोघेच वडीलधारे उरले आहेत. मुले नोकरीनिमित्त दूर. घरातली ही शांतता एखाद्या आंधळ्या, गरीब स्वभावाच्या कुत्र्याला मोलाची ठरते. आश्रयस्थानातील अखंड भुंकण्यात तो बिचारा कोपरा धरून बसतो. मागणी येते ती गोजिरवाण्या पिलांना.

त्याचे करणे फारसे अवघड नाही. वासाने नि पावलांनी तो घर पाठ करतो. म्हणून खाट, पाण्याचे भांडे यांची जागा बदलू नये. हात लावण्यापूर्वी हाक मारावी. जिन्याच्या तोंडाशी फळी आडवी लावावी. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

मोकाट कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली. पण ती पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. तेव्हा आपल्यामागे त्याला कोण सांभाळील, हे घरी आणण्यापूर्वीच मुलांशी बोलून ठरवावे. पाठ झालेले घर सुटले, म्हणजे आंधळ्या जीवाला सारे पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते.