वजन उतरल्यानंतर (भाग 5) : लोंबत्या कातडीचं काय करायचं?

मागच्या भागात उतरलेलं वजन टिकवण्याबद्दल बोललो. आज मागे उरलेल्या कातडीकडे वळू.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोनदाच जेवण्याच्या मोहिमेनंतर मराठवाड्यात वजन हा घराघरातला विषय झाला. पाच-दहा किलो उतरले तर कातडी बहुधा जागेवर येते. चाळीस-पन्नास किलो उतरले, मग ते आहारानं असोत की पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनं, तर ती तशी येत नाही. वसईच्या एका महिलेचं वजन शस्त्रक्रियांनंतर चार वर्षांत 300 किलोंवरून 86 किलोंवर आलं. एवढ्या देहाला पुरलेली कातडी कुठे जाणार? वर्षानुवर्षं ताणून तिच्यातले कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे तुटलेले असतात. व्यायामानं खालचा स्नायू घट्ट होतो, कातडी आवळत नाही. मलमानं आणि मालिशीनंही नाही. हे ठामपणे सांगायलाच हवं, कारण लोक त्यापायी पैसे घालवतात आणि वर स्वतःलाच दोष देतात.

ओघळलेल्या पोटाचा त्रास दिसण्यापुरता नसतो. सिल्लोड तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेला ओटी असते, त्याखाली परकराची नाडी, आणि नेमकी तिथेच कातडीची घडी. दिवसभर वाकून काम, घाम आणि घर्षण. घडीत चट्टे उठतात, बुरशी धरते, वास येतो. औषधानं बरं होतं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उलटतं. ही गोष्ट ती सुनेलाही सांगत नाही. म्हणून ही कातडी काढून टाकणाऱ्या प्लास्टिक सर्जरीचं नाव काढलं की 'या वयात कशाला हवी नटण्याची हौस' असं जे ऐकवलं जातं, ते मला निर्दयपणाचं वाटतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी मात्र एक गोष्ट स्वतःशी ठरवा: सुटका कशातून हवी आहे? चट्ट्यांतून आणि ओझ्यातून हवी असेल, तर नुसती लोंबती झालर कापून काढणारी शस्त्रक्रिया पुरते. पोट सपाट हवं असेल, तर सैल झालेले स्नायू शिवावे लागतात, बेंबी नव्या जागी बसवावी लागते. काम मोठं, वेळ आणि खर्चही जास्त. दंड, मांड्या, छाती यांच्या शस्त्रक्रिया वेगळ्या, आणि त्या सहसा काही महिन्यांच्या अंतरानं टप्प्याटप्प्यानं करतात. कुठलीही निवडा, व्रण राहणारच. पोटावरचा तर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत जातो; पुढे फिकट होतो, पुसला जात नाही.

आपल्याकडे प्लास्टिक सर्जरी म्हणजे शिबिर, अशी अनेकांची समजूत आहे, आणि तिला कारणही आदरणीय आहे. पंढरपूरला जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित 2011मध्ये वारले. अपघातानं आलेलं अपंगत्व आणि कर्करोग सोसत त्यांनी भारतभर शिबिरं घेऊन दुभंगलेले ओठ आणि पडलेल्या पापण्या मोफत दुरुस्त केल्या. पण ओठाची शस्त्रक्रिया आटोपशीर असते. पोटाची जखम हातभर लांब. तिच्यात पाणी साचू नये म्हणून नळी ठेवतात, ती कधी दोन आठवडेही राहते. टाके उसवू शकतात, पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. हे शिबिराचं काम नाही. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, हे विचारायला संकोचू नका. शस्त्रक्रिया संभाजीनगरला करणार असाल, तर ते सिल्लोडहून सुमारे 65 किलोमीटर. पहिले दोन आठवडे तिकडेच नातेवाइकांकडे राहिलेलं बरं.

आता तंबाखू. ती का सोडायची, हे एका जुन्या हकिगतीतून कळेल. 1793च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं टिपूच्या कैदेत कापलेलं नाक एका विटा घडवणाऱ्या जातीतल्या शल्यकारानं कपाळाच्या कातडीतून नवं केलं. 1794मध्ये ती हकिगत लंडनच्या मासिकात छापून आली. कपाळाची कातडी त्यानं एका बाजूनं जोडलेलीच ठेवली होती, म्हणजे रक्त पोचत राहिलं. आजही पोटाच्या शस्त्रक्रियेत सारी मदार त्यावरच असते: उचलून ताणलेल्या कातडीच्या कडेपर्यंत रक्त पोचलं पाहिजे. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि ती कड काळी पडून मरू शकते. सिगारेटबद्दल डॉक्टर विचारतात. मिश्री लावणाऱ्या बाईला मात्र आपण तंबाखू घेतो असं वाटतच नाही, म्हणून ती बोलत नाही. बोला. मिश्री, गुटखा, तंबाखू शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर निदान चार आठवडे पूर्ण बंद हवी.

घाई नको. पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबा, आणि वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर असू द्या. मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्या. हिमोग्लोबिन, प्रथिनं, बी-12 तपासून घ्या. कमी खाऊन वजन उतरवलेल्यांत ही कमतरता फार आढळते आणि मग जखम भरत नाही.

विमा कंपन्या सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळतात. आरोग्याला थेट धोका असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं, तर अपवादाची तरतूद आहे. त्यामुळे घडीतल्या चट्ट्यांवर घेतलेल्या प्रत्येक उपचाराचा कागद जपून ठेवा, आणि होकार आधी लेखी घ्या.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे घट्ट पट्टा बांधायचा, आणि तेवढेच दिवस पाण्याची घागर, सरकीचं पोतं, कडेवरचं नातवंड, काहीच उचलायचं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तो पट्टा सोसवत नाही, वेचणीत सुट्टी मिळत नाही. वेचणी आटोपल्यावर, पौष-माघात तारीख मागा, आणि त्या दिवसांत पाणी कोण भरणार हे घरात आधीच ठरवून घ्या.

(पुढील भागात : शस्त्रक्रिया नकोच असेल, तर घडीतल्या कातडीची रोजची निगा)