आधी रनिंग, मग अ‍ॅव्हरेज

काही वर्षे गाडीविना काढलेली कुटुंबे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. कुणी जुनी गाडी विकून नवी घेतलेली नसते, कुणी घराचे हप्ते फिटेपर्यंत थांबलेले असते. दुचाकी, शेअर रिक्षा, बाहेरगावी एसटी आणि जुलै २०२१ पासून सिटीलिंकची बस यांवर त्यांचे बरे चाललेले असते. मग आईवडिलांचे वय वाढते, मुले दुचाकीवर मावेनाशी होतात आणि गाडीचा विषय निघतो. पेट्रोल शंभरीपार गेलेले असल्याने पहिला प्रश्न ठरलेला असतो : अ‍ॅव्हरेज किती? माझ्या मते अशा घरासाठी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न रनिंग किती, हा. गाडीविना राहिलेल्या माणसाला त्याचे जितके खरे उत्तर देता येते, तितके रोज गाडी वापरणाऱ्याला येत नाही. कोणत्या कामाला गाडी लागतेच आणि कोणते तिच्याविना होते, हे त्याने अनुभवलेले असते.

सीएनजीचेच उदाहरण घेऊ. एकाच मॉडेलची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा साधारण ९० हजारांनी महाग धरू. शहरात पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटर आणि सीएनजी गाडी किलोला २६ किलोमीटर चालेल; पेट्रोल १०५ रुपये लिटर, गॅस ९० रुपये किलो, असाही हिशेब धरू. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात रोज गाडीने जाणाऱ्याचे रनिंग वर्षाला १५ हजार किलोमीटर झाले, तर त्याचे वर्षाला सुमारे ३५ हजार रुपये वाचतात आणि जादा दिलेली रक्कम अडीच वर्षांत सुटते. पण ज्या घरात गाडी रविवारी त्र्यंबकेश्वरला, सणावाराला गावी आणि एरवी दवाखान्यापुरती निघणार आहे, तिथे रनिंग सहा हजारांच्या पुढे जात नाही. तिथे बचत १४ हजारांच्या आसपास येते आणि ९० हजार वसूल व्हायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. शिवाय पंपावरची रांग आहेच. नंबर आला की पावसात, उन्हात म्हाताऱ्या माणसांसकट सगळ्यांनी खाली उतरायचे आणि गॅसचा दाब कमी असेल तर अर्ध्या टाकीवर समाधान मानायचे. डिकीत टाकी असल्याने सामानाची जागा जाते आणि ठरावीक वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्टही करावी लागते. रनिंग मोठे असेल तर हे सारे सोसण्यात अर्थ आहे, थोड्या रनिंगला नाही.

आता अ‍ॅव्हरेजच्या आकड्याकडे वळू. हा आकडा फसवतो, कारण आपण खर्च करतो लिटरचा आणि तुलना करतो किलोमीटरची. सहा हजार किलोमीटरसाठी लिटरला १० देणारी गाडी ६०० लिटर पिते आणि १५ देणारी ४०० लिटर. म्हणजे २०० लिटर वाचले. २० ऐवजी २५ देणारी गाडी घेतली तर फरक तितकाच पाचाचा, पण वाचतात फक्त ६० लिटर. म्हणून दणकट एसयूव्हीऐवजी छोटी हॅचबॅक घेण्याने जे वाचते, ते दोन छोट्या गाड्यांमधली एक निवडून वाचत नाही. त्यातही कंपनी जाहीर करते तो आकडा वीस मिनिटांहून कमी वेळाच्या चाचणीतला असतो. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून होते. द्वारका चौकातली कोंडी आणि एप्रिलमधला एसी तिच्यात नसतो. थंड इंजिन पहिले काही किलोमीटर जास्त इंधन खाते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत कोणत्याही गाडीचे अ‍ॅव्हरेज कोसळते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि त्याची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते, हेही हिशेबात धरायला हवे.

यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने दाखवून दिले की वाफेची इंजिने सुधारून कमी कोळशात चालू लागली, तेव्हा देशातला कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. काम स्वस्त झाले की ते जास्त केले जाते. गाडीचेही तसेच होते. 'आपली गाडी चांगलं अ‍ॅव्हरेज देते' हे एकदा मनात बसले की कॉलेज रोडला कॉफीला, कोपऱ्यावर भाजीला, जिममध्ये ट्रेडमिलवर चालायलासुद्धा गाडी निघते. कालपर्यंत ही कामे पायी किंवा बसने होत होती. त्यामुळे वर्षाअखेर इंधनाचे बिल अपेक्षेच्या दीडपट येते आणि दोष गाडीला दिला जातो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. बसच्या भरवशावर राहायचे कसे? वाहकांच्या कामबंद आंदोलनांनी सिटीलिंकची सेवा याआधी ठप्प झालेली आहे, रात्री उशिरा बस मिळत नाही आणि छातीत दुखू लागलेल्या माणसाला थांब्यावर उभे करता येत नाही. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच गाडी घ्यावी. पण ती या कामांसाठी घ्यावी. नाशिकरोड स्टेशनला एकट्याने जाण्यासाठी बस आजही पुरते. दुसरा आक्षेप असा की कमी चालणाऱ्या घराने गाडी घ्यावीच कशाला, गरजेला टॅक्सी मागवावी. निव्वळ पैशांच्या हिशेबात हा आक्षेप बऱ्याचदा जिंकतो, कारण विमा, घसारा आणि सर्व्हिसिंग गाडी उभी असली तरी चुकत नाही. तरीही अपरात्री दाराशी गाडी असण्याचा आधार मोलाचा आहे आणि ज्याला तो हवा त्याने तो अपराधी न वाटता घ्यावा. फक्त त्यासाठी छोटी पेट्रोल गाडी, प्रसंगी चांगली राखलेली जुनीसुद्धा, पुरेशी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने नवी गाडीही थोडी आवाक्यात आली आहे.

म्हणून शोरूमची पायरी चढण्याआधी एक महिना वहीत नोंद ठेवा : कोणत्या दिवशी, कोणत्या कामासाठी गाडीवाचून खरोखर अडले आणि ते अंतर किती होते. बेरजेला बाराने गुणा आणि वर्षाच्या दोन-तीन लांबच्या प्रवासांचे किलोमीटर त्यात मिळवा. सेल्समनने अ‍ॅव्हरेज सांगायला सुरुवात केली की आधी हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.