संगणक नवा, नोंदी जुन्या

जुना संगणक वारंवार बंद पडू लागला म्हणून डॉक्टरांनी नवा घेतला. जुन्यातल्या फायली नव्यात आल्या, पण पेशंटच्या नोंदींचा प्रोग्रॅम काही उघडेना. दम्यासाठी पंधरा वर्षे येणाऱ्या आजींना कोणते औषध सोसत नाही, हे त्या बंद प्रोग्रॅममध्येच अडकले. वाशी-नेरुळमधल्या कोणत्याही जुन्या दवाखान्यात हा प्रसंग येऊ शकतो. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून तर त्याची शक्यता वाढली आहे.

असे का होते? प्रोग्रॅम जसाच्या तसा असतो. बदलते ती खालची विंडोज. नव्वदच्या दशकात आपल्याकडे हिशेब आणि नोंदी ठेवण्यासाठी डॉसवरच्या फॉक्सप्रोचा मोठा वापर होता. त्या काळातले डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय ३२ बिट विंडोजमध्ये होती, ६४ बिटमध्ये ती ठेवलेली नाही. विंडोज १० दोन्ही रूपांत मिळत असे; विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळते. त्यामुळे कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज सुरूच होत नाही.

यंत्रांचेही तसेच. ईसीजी किंवा एक्स-रे यंत्र संगणकाशी 'ड्रायव्हर' नावाच्या छोट्या प्रोग्रॅममार्फत बोलते. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नसेल, तर यंत्र ठणठणीत असूनही जोडता येत नाही.

मराठीची अडचण आणखी वेगळी. जुन्या फाँटमध्ये फायलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवले जात आणि फाँट त्यावर देवनागरी आकार चढवत असे. तो फाँट नसला की 'जेवणानंतर एक गोळी' याच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कुठेही वाचता येतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरे आणि आकडे मात्र डोळ्यांखालून घालावेत. औषधाच्या मात्रेत एक आकडा चुकणेही महागात पडते.

दिलासा असा, की प्रोग्रॅम बंद पडला म्हणून माहिती नष्ट होत नाही. फॉक्सप्रोच्या नोंदी 'डीबीएफ' फायलीत असतात आणि त्या एक्सेल किंवा मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये सहसा उघडता येतात. डॉसचा प्रोग्रॅमच हवा असेल, तर डॉसबॉक्ससारखे साधन आहे. नव्या संगणकाच्या आत जुनी विंडोज चालवणारे 'व्हर्च्युअल मशीन'ही उभारता येते.

मग जुनाच संगणक चालू ठेवला तर? तो इंटरनेटला जोडलेला नसेल, तर काही काळ चालेल. जोडलेला असेल, तर धोका मोठा. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या'च्या जागतिक हल्ल्याची झळ नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरालाही बसली आणि तिथल्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. दोन्ही हल्ल्यांनी विंडोजमधल्या एकाच त्रुटीचा वापर केला होता. तिच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती. आधार संपलेल्या विंडोजला तर अशा दुरुस्त्या नेहमीसारख्या मिळतही नाहीत.

प्रश्न फक्त सोयीचा नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. 'सॉफ्टवेअर उघडत नाही' हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून नवा संगणक घेण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमची आणि यंत्रांची यादी करून ती नव्या विंडोजवर चालतील का, हे विक्रेत्याला विचारावे. जुना संगणक चालू असतानाच सगळ्या नोंदी पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आणि नव्या संगणकावर त्यातल्या दहा-वीस नोंदी उघडून, वाचून पाहिल्याशिवाय जुना भंगारात देऊ नये.

रुग्णांनीही आपले जुने रिपोर्ट आणि अ‍ॅलर्जीची नोंद घरच्या फायलीत ठेवावी. कागद उघडायला कोणतीच विंडोज लागत नाही.