स्क्रू ड्रायव्हर ते सल्ला: छोट्या संगणक-सल्लागारांची वाटचाल

घटना १९९८ मधील. अमेरिकेतील 'पिक्सार' या ॲनिमेशन स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम सुरू असताना एका चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या फायली भराभर नाहीशा होऊ लागल्या. राखीव प्रती होत्या. पण त्याही सदोष असल्याचे पुढे उघड झाले. तांत्रिक विभागातील गेलिन सुसमन यांनी बाळ लहान असल्याने घरून काम करता यावे म्हणून चित्रपटाची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. तीच अखेर कामी आली.

एवढ्या मोठ्या संस्थेवर ही वेळ येत असेल, तर दोन खोल्यांतील जाहिरात संस्था, छायाचित्रकार किंवा प्रकाशक यांची काय कथा? त्यांच्याकडे स्वतंत्र संगणक विभाग नसतो. ही उणीव भरून काढणारा व्यवसाय म्हणजे दोन-चार माणसांची संगणक-सल्लागार संस्था होय.

या व्यवसायाचे मूळ डीटीपीच्या आगमनात आहे. १९८५ मध्ये 'ॲपल'चा लेझर प्रिंटर आणि 'पेजमेकर' हे सॉफ्टवेअर आले आणि पानाची जुळणी टेबलावर होऊ लागली. मराठी छापखान्यांतही खिळे जुळवणाऱ्यांची जागा हळूहळू डीटीपी ऑपरेटरने घेतली. तेव्हा मदतीला येई तो 'हार्डवेअरवाला'. मेमरी वाढवणे, प्रिंटर जोडणे, व्हायरस काढणे हे त्याचे काम आणि फेरीमागे पैसे, हा व्यवहार. पुढे वार्षिक देखभाल करार रूढ झाले आणि उत्पन्नाला थोडे स्थैर्य आले.

अक्षरांचा गुंता

मराठीत आणखी एक अडचण होती. युनिकोडपूर्व काळातील 'श्रीलिपी'सारख्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला, की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. २००१ मध्ये 'पेजमेकर'ची शेवटची मुख्य आवृत्ती आली. तिलाही युनिकोड उमगत नव्हते. जुन्या पुस्तकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणणे, मग रफार व जोडाक्षरे तपासून घेणे हे आजही जिकिरीचे काम आहे. जानेवारी २०२३ पासून 'अडोबी'ने 'टाइप १' प्रकारच्या फाँटचा आधार काढून घेतल्याने जुन्या मांडणीच्या फायलींपुढेही हाच प्रश्न उभा राहिला.

दरम्यान, २०१३ मध्ये याच कंपनीने आपल्या प्रमुख सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे धोरण जाहीर केले. एकदाच होणारी खरेदी दरमहाचा खर्च बनली. साहजिकच किती परवाने लागतील, नोकरी सोडून गेलेल्याचे खाते कोणी बंद करावे, हे सांगणारा माणूस आवश्यक ठरला. दुरुस्तीकाराचा सल्लागार झाला तो असा.

२०२० च्या टाळेबंदीत संकलक घरी बसले आणि आणखी एक गणित पुढे आले. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाने १०० गिगाबाइटचे चित्रीकरण पाठवायला सुमारे साडेचार तास लागतात. म्हणून मूळ चित्रीकरण कार्यालयातच ठेवून त्याच्या हलक्या प्रतींवर संकलन करण्याची पद्धत अनेकांनी अवलंबली. ती घडी बसवणे हेही सल्लागाराचेच काम.

'तीन-दोन-एक'

राखीव प्रतींचा प्रसिद्ध नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. केवळ क्लाउडशी जुळवून ठेवलेला फोल्डर पुरेसा नाही. कारण येथे पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ल्यात फायली कुलूपबंद करून खंडणी मागण्यात आली. अशा वेळी संगणकाला कायम जोडलेली हार्ड डिस्कही सुरक्षित नसते.

त्यामुळे सल्लागार नेमताना 'बॅकअप आहे का' एवढेच विचारून भागणार नाही. त्यातील फाइल शेवटची कधी परत उघडून पाहिली, हे विचारावे. 'पिक्सार'कडेही बॅकअप होताच. तो वेळीच तपासला गेला नव्हता.